दाराच्या आतल्या बाजूला

२ मार्च, सोमवार

आजचा दिवस शेणात गेला. तसे माझे सगळेच दिवस शेणात जातात, पण आजचं अस्वलाचं होतं, म्हणजे बढतीच म्हणायची. प्राणिसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेबाहेर ‘सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ’ अशी माझी पाटी आहे. आत मी बारा वर्षं कुणाच्या पोटात जंत झाले आणि कुणाच्या पाण्यात काय पडलं, एवढंच शोधत बसलेय. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघांनी नवे जीवाणू शोधून काढले, त्यांची नावं पुस्तकांत गेली. माझं नाव हजेरीपटात आहे.

सकाळी अस्वलांची देखभाल करणारे काका बोलवायला आले. "बाई, म्हातारीच्या दाराला काय लागलंय बघा जरा. घासून काढलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर." म्हातारी म्हणजे आमची सर्वांत जुनी अस्वलीण. ती दिवसभर भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत चालते, ठरलेल्या जागी मान झटकते आणि वळते. तिच्या पायांनी सिमेंटला घळ पडलीय. दाराच्या आतल्या बाजूला, तिचं नाक टेकतं त्या उंचीवर, सायीइतका पातळ आणि किंचित गुलाबी असा थर होता. नमुना घेतला आणि प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या बशीत, लावला.

ऑटोक्लेव्ह पुन्हा रुसलाय. घरी सासूबाईंना सांगितलं की ते काही फार मोठं यंत्र नाही, थोरला प्रेशर कुकरच. वाफ आणि दाब, आत गेलेलं काही जिवंत राहत नाही. "मग आपला कुकर घेऊन जा की," असं त्या म्हणेपर्यंत मागे दूध उतू जाऊन करपलं होतं. त्यांना पत्ता नाही. मोठ्या आजारपणात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. घराला आग लागली तरी त्यांना ती दिसल्यावरच कळेल.

भिंगरीचा गुडघा पुन्हा फुटलाय. जिन्यावरून उड्या मारत आली. लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलंय. सहा वर्षांत ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. नवरा सहा-सहा महिने बोटीवर, आणि इथे मी नि सासूबाई मिळून हे वादळ सांभाळतो. देवा, एक दिवस तरी हिला बसव.

५ मार्च, गुरुवार

वाढलं! बारीक गुलाबी ठिपके, कडा सरळ, मध्ये चमक. सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा काड्या, जोडीजोडीने.

प्लेटचा वास घ्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो न मोडणारा आमच्या धंद्यात मला अजून भेटायचाय. आमचे सर म्हणायचे, "आधी नाकाला विचार, मग यंत्राला." एका जीवाणूला द्राक्षांचा वास येतो, एकाला उंदराच्या बिळाचा. जुनी माणसं झाकण उचलताच नाव सांगतात. मीही झाकण उचललं.

टाळूचा वास. भिंगरी चार दिवसांची होती तेव्हा तिच्या टाळूत नाक खुपसून मी बसायचे, अगदी तो. मला भरून आलं. पुन्हा घेतला, आणि जेवणाच्या सुट्टीआधी आणखी एकदा.

काकांना हुंगायला दिलं. ते म्हणाले, "छे, बाळाचा कसला! शाळा सुटून घरी आलो की दारात शिरताना यायचा ना, तो वास आहे हा." आम्ही त्यावर भांडलो. शेवटी काका म्हणाले, "बाई, तुमचं खरं, पण प्लेट जरा इकडे द्या."

११ मार्च, बुधवार

हे एकट्या अस्वलाचं नाही. बिबट्याकडे आहे, साळिंदराकडे आहे, माकडांच्या आतल्या खोल्यांत आहे. आणि गंमत अशी की फक्त दारावर, आणि दाराच्या फक्त आतल्या बाजूला, ज्याच्या त्याच्या नाकाच्या उंचीवर. बाहेरची बाजू घासून घासून थकले, एक ठिपका उगवला नाही. एकाच पत्र्याच्या दोन बाजू, ऊन तेच, ओल तीच. याचं कारण मला सुचत नाही. सुचलं की शोधनिबंधात एक परिच्छेद वाढेल.

म्हातारीचं चालणं थांबलंय. दाराला नाक लावून बसते, डोळे अर्धे मिटून. बिबट्याच्याही येरझारा बंद. प्राणिसंग्रहालयाचे साहेब भलतेच खूश आहेत. लोकांना प्राणी नीट दिसतात, तक्रारी नाहीत. "तुम्ही काय औषध घातलंत?" असं मला विचारत होते. म्हटलं, मी फक्त खरवडते.

तुलनेसाठी एक असा नमुना हवा की जिथे कुणी कोंडलेलं नाही. आमच्या घराच्या दाराइतकं मोकळं दार कुठे मिळणार? भिंगरी ते दिवसातून शंभरदा उघडते आणि एकदाही लावत नाही. संध्याकाळी त्याच्या आतल्या बाजूचा नमुना घेतला. भिंगरीने विचारलं, "दाराला ताप आलाय?"

१७ मार्च, मंगळवार

नवा आहे. नवा आहे. नवा आहे!

जनुकांचा अहवाल आला. जगात नोंदलेल्या कुठल्याही जीवाणूशी हा पुरता जुळत नाही. जवळचा म्हणावा असा भाऊबंदही लांबचाच. प्रयोगशाळेचं दार लावून मी स्टुलावर बसून हसले. मग सरांची आठवण येऊन रडले. ते असते तर म्हणाले असते, "अगं, नाकाला विचारलंस ना?"

आता नाव. स्वतःचं नाव द्यायचं नाही असा आमच्याकडे संकेत आहे, देणाऱ्याला हसतात. दुसऱ्या कुणाचंही चालतं. मी भिंगरीचं देणार. संध्याकाळी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या नावाचा जंतू? चावतो का?" म्हटलं, नाही. "मग काय करतो?" म्हटलं, "काही नाही गं, नुसता बसतो." त्यावर ती खोखो हसली. "मग माझं नाव कशाला? आजीचं दे!" सासूबाईंनी तिला लाटणं दाखवलं.

नुसतं नाव देऊन भागत नाही. जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन जीवाणू-संग्रहांत पाठवावा लागतो. तिथे तो वाढवून बघतात, जपून ठेवतात आणि मागेल त्याला देतात. तोवर नाव खरं धरत नाहीत. बारा वर्षं थांबले, आणखी थोडं थांबेन.

२० मार्च, शुक्रवार

घराच्या दाराच्या प्लेटवरही तोच उगवलाय, पिंजऱ्यांपेक्षा दाट.

प्लेट दोनदा तपासली. मग डोकं चालवलं. माझ्या कोटावरून, बुटांवरून, केसांतून आला असणार, दुसरं काय? म्हणजे तुलनेचा नमुना बाद. नवशिक्या पोरीसारखी चूक केली. उद्या दुसरीकडचा घेईन.

घरी दाराच्या आत, माझ्या नाकाच्या उंचीवर आणि त्याखाली भिंगरीच्या नाकाच्या उंचीवर, हात लावला तर किंचित बुळबुळीत लागतं. सासूबाई सोडा आणि ब्रश घेऊन पुसायला निघाल्या होत्या. मी नको म्हटलं. वास छान येतो, असू दे. "मला कुठला येतोय वास," त्या म्हणाल्या, "मला चिकटा दिसतोय."

भिंगरी आज दाराशी पाट टाकून बसली होती. तासभर तरी असेल. चित्र नाही, खेळणं नाही, नुसती बसलेली. किती शहाणी झालीय माझी बाय! सासूबाईंचं मात्र आपलं काहीतरी. "ही पोरगी आजारी आहे." ताप पाहिला, नाही. जेवली. झोपली. मी म्हटलं, "आई, नाचली तरी तुम्हाला त्रास, बसली तरी त्रास." त्या म्हणाल्या, "नाचली की मी ओरडते. त्रास कधी झाला गं मला?"

२४ मार्च, मंगळवार

काका म्हातारीचं दार लावायला विसरले. सबंध दुपार ते उघडं होतं, बाहेर शाळेची सहल. एरवी आमची पाचावर धारण बसली असती. म्हातारी उघड्या दारामागे जाऊन बसली. दार उघडून भिंतीला टेकलं होतं ना, तर भिंत आणि दार यांच्या फटीत, आतल्या बाजूला नाक लावून. बाहेर पाऊल टाकलं नाही.

साहेबांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "मग कुलपं तरी कशाला हवीत?" ते विनोद करत होते असं वाटलं. त्यांच्या खोलीचं दार हल्ली लावलेलं असतं, आणि खुर्ची दाराशी.

रात्री बोटीवरून फोन आला होता. नवरा म्हणाला, "भिंगरी बोलत का नाही? नुसता श्वास ऐकू येतोय." म्हटलं, दमली असेल.

२८ मार्च, शनिवार

सर्दी. नाक गच्च, घसा खरवडलेला, चहा आहे की गरम पाणी ते कळत नाही. नाक बंद आणि डोकं मात्र सताड उघडं. आज मला जे दिसतंय ते इतके दिवस कसं दिसलं नाही?

शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या. भिंगरी मधल्या सुट्टीत मैदानावर जात नाही. वर्गाच्या दारामागे बसते. आणि परवापासून तिच्याशेजारी आणखी दोघी बसायला लागल्यात. बाई हे सांगताना हसत होत्या, पण त्यांच्या हातांची चुळबुळ थांबत नव्हती.

त्या गेल्यावर मी भिंगरीला मांडीवर घेतलं. ती आली, बसली, आणि मान वळवून दाराकडे बघत राहिली. मी तिचे गुडघे बघितले. स्वच्छ, नितळ. जुनी खपली पडून गेलीय, नवी एकही नाही. माझ्या लेकीचे गुडघे बरे झालेत, हे बघून मी हमसाहमशी रडले. जन्मात मला कशाची इतकी भीती वाटली नव्हती. देवा, मी तुझ्याकडे मागितलं होतं, ते परत घे.

डॉक्टरांकडे नेलं. जीभ बघितली, पोट दाबलं, कान तपासले. म्हणाले, उत्तम आहे, अशी शांत मुलं हल्ली कुठे बघायला मिळतात!

ठरलं. नाव नको, निबंध नको. सोमवारी ऑटोक्लेव्ह दुरुस्त होतोय. सगळ्या प्लेट, सगळ्या बाटल्या वाफेत घालणार. घराचं दार सासूबाईंच्या सोड्याने नाही तर ॲसिडने घासणार. साहेबांना सांगणार, पिंजऱ्यांची दारं काढा, बदला, जाळा. लोक हसले तर हसोत. बारा वर्षं शेणात घालवली, उरलेलीही घालवीन. माझी भिंगरी फिरली पाहिजे.

३० मार्च, सोमवार

नाक मोकळं झालं. परवाचं लिखाण वाचून लाज वाटली. सर्दीत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं हेच खरं. ‘जाळा’ काय, ‘ॲसिड’ काय! सकाळी प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हचं झाकण उघडून ठेवलं होतं, प्लेटचा गठ्ठा हातात होता. आत घालण्याआधी शेवटचं म्हणून एक झाकण उचललं. मग खाली बसले. किती दिवसांनी भेटला असं झालं. लहान बाळ वाफेत घालायचं का?

गठ्ठा जागेवर ठेवला. पाठवणीच्या दोन खोक्यांची तयारी केली.

घरी माझी सर्दी भिंगरीला लागलीय. सासूबाई तिच्या नाकाखाली बाम चोळून बसल्या होत्या. आणि ताप अंगात असताना ही बया पलंगावरून उड्या मारतेय! फुलदाणी फुटली. डोकं उठलं माझं. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ताप असला की पोरगी नाचते आणि बरी झाली की बसते. हे कुठलं उलटं शास्त्र गं तुमचं?"

शास्त्र इतकं सोपं नसतं, हे त्यांना कोण सांगणार.

१ एप्रिल, बुधवार

पहिलं खोकं गेलं. पोचायला दोन दिवस लागतात म्हणाले. दुसरं घरी आणलंय. तिकडची परवानगी आली की घरूनच रवाना करेन. हल्ली घरी बसून काम बरं होतं.

काका म्हातारीच्या पिंजऱ्यात सापडले. म्हणजे हरवले नव्हते, तिथेच होते. दारामागे म्हातारी, तिच्याशेजारी काका, खांद्याला खांदा लावून, दोघांची तोंडं दाराकडे. दार उघडंच. मी म्हटलं, "काका, घरी नाही गेलात? काकू वाट बघत असतील." ते डोळे न उघडता म्हणाले, "हे काय, आत्ताच आलो की शाळेतून."

मला हसू आलं. नंतर वाटलं की हसायला नको होतं. मग तेही वाटेनासं झालं.

३ एप्रिल, शुक्रवार

आज गेले नाही. दाराशी खुर्ची टाकून निबंधाचा मसुदा वाचला. एका ओळीवर बराच वेळ होते. ओळ चांगली आहे.

भिंगरीच्या नाकाखाली सासूबाई सकाळ-संध्याकाळ बाम चोपडतात. सर्दी केव्हाच गेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला वास येत नाही, पण डोळे आहेत. बाम लावला की ही पळते, उतरला की बसते. कारण तू शोध, शिकलेली आहेस. मी डबी संपेपर्यंत लावणार." पोरगी घरभर धावत होती. तिचा आवाज मला फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

५ एप्रिल, रविवार

सासूबाईंनी दुसरं खोकं कुकरमध्ये घातलं. खोकं फोडून, आतल्या काचेच्या कुप्या काढून, पाणी घालून. मी खुर्चीत होते. शिट्ट्या ऐकू येत होत्या, पण बटाटे असतील असं वाटलं. उठून बघितलं तेव्हा त्यांनी गॅस बंद केला होता. झाकण उघडलं तर नुसता रबराचा वास. बाळ नाही, काही नाही.

"तूच म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या, "आत गेलेलं जिवंत राहत नाही."

मी चिडायला हवं होतं. त्यांना दोन शब्द सुनवायला हवे होते. प्रयोगशाळेत आणखी आहे, एवढंच म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवलं. त्या रडत होत्या. "अगं, तू भांड ना माझ्याशी! दहा वर्षं भांडलीस, आज का गप्प?" मी म्हटलं, "आई, बसा ना जरा." त्या बसल्या नाहीत. पिशव्या भरायला लागल्या.

६ एप्रिल, सोमवार

हे घाईने लिहितेय, अक्षर वाईट येईल. नाकाखाली बाम आहे तोवर लिहायचंय.

सासूबाई आणि भिंगरी नणंदेकडे निघाल्या. गाव लांब आहे. मी खुर्चीतच होते. त्यांनी चल म्हटलं, मी उद्या येते म्हटलं. भिंगरी उंबऱ्याबाहेर उभी होती, नाक तेलकट चमकत होतं. मग ती पिशवी टाकून आत पळत आली, फ्रॉकच्या खिशातून डबी काढली, आणि बोटभर बाम माझ्या नाकाखाली फासला. नाकात गेला, डोळ्यांत गेला. डोळे झोंबले आणि घर दिसलं. दाराची आतली बाजू वरपासून खालपर्यंत गुलाबी झालीय. माझ्या खुर्चीची पाठही.

"आई, ऊठ ना," भिंगरी म्हणाली. "चल. मी तुला रोज लावीन."

मी उठले. खरंच उठले. चपला घातल्या. तिचा हात धरला. आणि मग माझी वेणी पुढे आली आणि मला तिच्यावर ती सायीसारखी चमक दिसली. नखांत होती. पदरावर होती. पिंजऱ्यांतून घरी तो जंतू माझ्याबरोबर आला होता, आता माझ्याबरोबर जाईल. गाडीत भिंगरी माझ्या मांडीवर झोपेल, बाम उतरेल आणि नाक माझ्या कुशीत असेल.

मी हात सोडला. सासूबाईंना म्हटलं, "हिला आंघोळ घाला, दोनदा. कपडे उकळा, तुमचेही. बाम थांबवू नका." त्यांना सगळं कळलं. त्या माझ्याजवळ आल्या नाहीत, लांबूनच बोटं माझ्यावरून ओवाळल्यासारखी केली. भिंगरी ओरडत होती, लाथा मारत होती. तिला ओढत न्यावं लागलं. ती असं ओरडतेय याचा मला इतका आनंद झाला की मी दार लावताना हसत होते आणि रडत होते.

खिडकीतून बघितलं. कोपऱ्यावर पोचेपर्यंत रडली. मग आजीचा हात सोडवून रस्त्याच्या मधोमध उगाचच दोन गिरक्या घेतल्या.

लगेच पहिल्या संग्रहाला फोन लावला. नोंदणीच्या बाई फार गोड बोलल्या. म्हटलं, ते खोकं उघडू नका. "उघडलं की!" त्या म्हणाल्या. "परवाच. काय सुंदर वास आहे हो! आमच्याकडचे सगळे येऊन हुंगून गेले." म्हटलं, वाफेत घाला, आत्ताच्या आत्ता, खिडक्या उघडा, नाकाखाली बाम लावा, काहीही लावा. "अहो, घाई काय आहे?" मग हळूच म्हणाल्या, "दारं लावूनच बसलोय आम्ही. नाहीतर वास उडून जातो." आणि फोन चालू ठेवूनच त्या गप्प झाल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे आणखी कितीतरी जणांचे.

साहेबांना केला. कुणी उचलला नाही.

झोंबणं कमी व्हायला लागलंय. डबी शोधतेय, सापडत नाही. ॲसिडची बाटली मोरीत आहे. आधी दार घासायचं. हे लिहून झालं की लगेच उठते.

७ एप्रिल, मंगळवार

नणंदेच्या घरून फोन आला. भिंगरीच होती. धापा टाकत होती. अंगणात पडली आणि गुडघा फुटला, रक्त आलं, आजी ओरडली, आत्या ओरडली, सगळं एका दमात सांगितलं. मी म्हटलं, "अरे वा." काल मी जरा घाबरवण्यासारखंच बोलले असणार, कारण तिने दोनदा विचारलं की मी बरी आहे का. बरी आहे. इथे छान आहे. खुर्ची थोडी पुढे घेतलीय.

मग तिने विचारलं, "आई, तू बाम लावतेस ना?"

"हो गं," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि फोन आजीच्या हातात देऊन पळाली. डबी तिच्याच फ्रॉकच्या खिशात आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.